पंधराव्या दिवशी स्वयंपाक कोण करणार?

पत्राचा सारांश: पिंपरी-चिंचवडमधल्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. वय ४९, पतसंस्थेत नोकरी. यजमान ५४ वर्षांचे, चाकणच्या एका कारखान्यात सुपरवायझर. पाच वर्षांपूर्वी त्यांना शुगर निघाली, पाठोपाठ बीपी. शुगरसाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू आहे. शेवटचं एचबीएवनसी (शुगरची दोन-तीन महिन्यांची सरासरी) ८.१ आलं, वजन ८६ किलो. त्यांचा एक मित्र सह्याद्रीतल्या एका वेलनेस रिट्रीटमध्ये चौदा दिवस राहून आला. त्याचं सहा किलो वजन उतरलं आणि गोळ्या बंद झाल्या. तेव्हापासून यजमानांनीही तिथे जायचा ध्यास घेतला आहे. एका माणसाचा खर्च १ लाख ९० हजार. त्यासाठी एफडी मोडायची आणि पुढच्या महिन्यात येणारा मेडिक्लेमचा ४४ हजारांचा हप्ता यंदा भरायचा नाही, असा त्यांचा बेत आहे. "आजारी पडायचंच नाही, तर विमा कशाला? पुढे सगळ्यांचं आरोग्य असंच सांभाळलं जाणार, हॉस्पिटलं मागे पडणार," असं ते म्हणतात. मुलगी बी.फार्म.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या मते हे सगळं थोतांड, आणि त्यावरून बापलेकीचं रोज वाजतं. घरात ७८ वर्षांच्या सासूबाई आहेत. थोरले दीर गेल्या वर्षी नऊ दिवस आयसीयूत राहून हृदयविकाराने गेले. यजमानांना जाऊ द्यावं की थांबवावं, आणि कुणाची बाजू घ्यावी, असं ताई विचारतात. पत्राच्या शेवटी त्या लिहितात: "माझं काही नाही, मी बरी आहे. गुडघे दुखतात, जिना चढताना धाप लागते, रात्री दोन-तीनदा जाग येते, पण ते वयाचं असेल. खरं सांगू का, हे चौदा दिवस तिकडे गेले तर मला जरा मोकळं वाटेल असं मनात येतं, आणि त्याची लाजही वाटते."

ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा डोळ्यांत भरला तो पैशांचा आकडा, दुसऱ्यांदा गोळ्यांची नावं. तिसऱ्यांदा वाचताना शेवटच्या चार ओळींपाशी थांबले आणि तिथून पुढे जाववेना. त्या ओळींकडे मी येणारच आहे. पण विम्याची तारीख कुणासाठी थांबत नाही, म्हणून तो विषय आधी संपवते.

मेडिक्लेमचा हप्ता भरा. रिट्रीटचं काय व्हायचं ते होवो, हा हप्ता मुदतीच्या आत भरला गेला पाहिजे. मुदत उलटल्यावर ३० दिवसांची सवलत मिळते, पण त्या दिवसांच्या भरवशावर राहू नका. वर्षाचा हप्ता एकदम भरणाऱ्याला त्या मधल्या काळात आजारपण आलं, तर खर्च खिशातूनच करावा लागू शकतो. पॉलिसी एकदा तुटली की नवी घेताना आधीपासून असलेल्या आजारांसाठी पुन्हा थांबावं लागतं. हा थांबण्याचा काळ २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आला आहे. पण ५४ वर्षांचा, शुगर आणि बीपी असलेला माणूस नवी पॉलिसी मागायला गेला, तर कंपनी हप्ता वाढवून सांगू शकते किंवा सरळ नाकारूही शकते. इतकी वर्षं हप्ते भरून तुम्ही जे मिळवलंय, ते एका वर्षाच्या बचतीसाठी घालवू नका. कारखान्याची ग्रुप पॉलिसी आहे म्हणून घरची नको, असं यजमान म्हणाले, तर ती पॉलिसी नोकरीबरोबर संपते हे त्यांना आठवण करून द्या. आणि नोकरी संपते त्याच वयात विम्याची खरी गरज सुरू होते.

त्यांच्याशी बोलताना हेही सांगा, की रिट्रीटचा खर्च या विम्यातून मिळणार नाही. आरोग्य विम्यात कायम वगळलेल्या गोष्टींची जी ठरावीक यादी असते, तिच्यात स्पा, निसर्गोपचार केंद्रं आणि तशाच जागांमधले उपचार येतात. नुसत्या विश्रांतीसाठीचा मुक्कामही येतो. आयुर्वेदाच्या नोंदणीकृत रुग्णालयात आजारासाठी दाखल होणं ही वेगळी गोष्ट. आयुष, म्हणजे आयुर्वेद, योग, होमिओपॅथी अशा उपचारांना इतर उपचारांच्या बरोबरीने वागवा, असं विमा नियामकाने कंपन्यांना सांगितलं आणि १ एप्रिल २०२४ पासून ते लागू झालं. चौकशी करताना समोरचा माणूस "विम्यात बसतं" म्हणाला, तर त्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. तुमच्या कंपनीकडून ईमेलवर लेखी घ्या.

आता यजमानांबद्दल. तुमच्या पत्रात ते थोडे भोळे दिसतात, मित्राच्या बोलण्याला भुलणारे. मला मात्र त्या पत्रात एक घाबरलेला माणूस दिसला. सख्खा थोरला भाऊ गेला, तोही नऊ दिवस नळ्या लावलेल्या अवस्थेत. काचेच्या दाराबाहेर हे बसले असतील, मधूनच बिलाच्या खिडकीशी बोलावणं येत असेल, आणि शेवटी हाती काही लागलं नाही. अशा माणसाला हॉस्पिटल नको वाटणं मी समजू शकते. त्याला कुणीतरी डोंगर, हिरवळ, सकाळचा काढा आणि "तुमच्या गोळ्या सुटतील" हे वाक्य दिलं. ते वाक्य त्यांना औषधासारखं लागू पडलं असणार. भाऊ गेल्यापासून ते त्याच्याविषयी घरात काही बोललेत का? बोलले नसतील, तर रिट्रीटवरच्या पुढच्या वादाआधी एकदा ते बोलणं होऊ द्या. "तुम्हाला भीती वाटते का?" एवढंच विचारा आणि मग गप्प बसून ऐका. मुलीला तेव्हा खोलीबाहेर ठेवा.

त्यांची भीती अनाठायीही नाही. सख्ख्या भावाला लवकर हृदयविकार झाला असेल, तर यांचाही धोका वाढतो. म्हणून रिट्रीटला जावं की न जावं यावर खल करण्याआधी त्यांचं हृदय, किडनी आणि डोळ्यांचे पडदे तपासले गेले पाहिजेत. ईसीजी, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन, रेटिना. शुगरच्या माणसाने या तपासण्या वर्षातून एकदा तरी करायच्या असतात आणि घरोघरी त्याच मागे पडतात. तुमच्याकडे शेवटच्या कधी झाल्या, ते पत्रात नाही.

मुलगी याला थोतांड म्हणते. तिच्या शिक्षणाचा मला आदर आहे, पण इथे ती अर्धीच बरोबर आहे. शुगर मागे हटू शकते, हे आता ठोसपणे माहीत झालेलं आहे. ब्रिटनमध्ये 'डायरेक्ट' नावाची चाचणी झाली, तिचे पहिले निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आले. सहा वर्षांच्या आत शुगर निघालेल्या आणि इन्सुलिन न घेणाऱ्या लोकांना तीन ते पाच महिने दिवसाला साधारण साडेआठशे कॅलरींचा आहार दिला. त्यानंतर हळूहळू नेहमीच्या जेवणावर आणलं आणि पुढेही त्यांची साथ सोडली नाही. वर्षाअखेरीस त्यांच्यातल्या ४६ टक्के लोकांची शुगर औषधाविना मधुमेहाच्या रेषेखाली होती. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ४ टक्के होतं. ज्यांनी १५ किलो किंवा जास्त वजन उतरवलं, त्यांच्यात तर ते ८६ टक्के निघालं. दुसऱ्या वर्षाअखेरीस ४६ वरून आकडा ३६ वर आला, कारण काहींचं वजन पुन्हा वाढलं.

तुमच्या यजमानांना शुगर निघून पाचच वर्षं झालीत, इन्सुलिन चालू नाही आणि उतरवण्यासारखं वजन अंगावर आहे. म्हणजे त्यांची आशा खोटी नाही. मुलीने हे मान्य केलं तर घरातलं निम्मं भांडण मिटेल. पण त्या चाचणीतली एक गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. हे सगळं कुठल्या डोंगरावरच्या रिट्रीटमध्ये घडलेलं नाही. माणसं आपापल्या घरी राहिली, कामाला गेली, आणि आपल्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात जाऊन तिथल्या नर्सला किंवा आहारतज्ज्ञाला पुन्हा पुन्हा भेटत राहिली. गोळ्या पहिल्या दिवशी बंद झाल्या होत्या हे खरं आहे, पण त्या डॉक्टरांनी बंद केल्या होत्या आणि नंतर शुगर-बीपीवर त्यांचं लक्ष होतं. (हा आहार वाचून कुणी घरच्या घरी सुरू करू नये. तुमच्या यजमानांनीही करू नये.)

आता मित्राचे सहा किलो. कमी खायला लागलं की शरीर आधी आपला ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, वापरतं आणि त्याच्याबरोबर धरून ठेवलेलं पाणीही जातं. पहिल्या दोन आठवड्यांत काटा भराभर खाली येतो तो बराचसा यामुळे. नेहमीचं जेवण सुरू झालं की त्यातला काही भाग परत येतो. शुगरचंही असंच आहे. चौदा दिवस ज्यूस, सूप आणि उकडलेल्या भाज्यांवर राहिलं तर सकाळची शुगर उतरणारच. एचबीएवनसी मात्र दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतं. गोळ्या बंद करून किमान तीन महिने झाल्यावरही ते ६.५ च्या खाली असेल, तर मधुमेह मागे हटला असं डॉक्टर म्हणतात. म्हणून मित्राला एकच विचारायला सांगा: परत आल्यावर तीन महिन्यांनी एचबीएवनसी किती आलं? ते खरंच चांगलं आलं असेल तर मला आनंद आहे. मग पुढचं विचारा, घरी आल्यापासून तो काय खातो आणि ते कोण करतं?

माझे वडील पंच्याहत्तरीच्या आसपास असताना अशाच एका ठिकाणी दहा दिवस राहून आले होते. आले तेव्हा चेहऱ्यावर तेज होतं, चालणं हलकं झालं होतं. तिथल्या लोकांनी त्यांना मनापासून जपलं होतं, ते मी कधी विसरणार नाही. घरी आल्यावर आई पहाटे साडेपाचला उठून दुधीचा रस काढायची, अकराला कोशिंबीर, चारला फळं, सातच्या आत मुगाचं सूप. बाकीच्यांचा स्वयंपाक वेगळाच. सहाव्या आठवड्यात आई तापाने झोपली. त्याबरोबर तो सगळा क्रमही झोपला, आणि महिन्याभरात वडिलांची शुगर होती तिथे आली. 'त्यांना निश्चय टिकवता आला नाही,' असं तेव्हा आम्ही सगळे म्हणालो. तो निश्चय आईच्या दोन हातांवर उभा होता, हे माझ्या लक्षात यायला पुढे कितीतरी वर्षं गेली.

ताई, रिट्रीटमध्ये माणसाला बरं का वाटतं, याचा जरा शांतपणे विचार करा. मातीपट्टी, कटिस्नान, वाफ, मालिश हे सगळं असतंच, त्याने अंग मोकळं होतं, झोप लागते. पण त्याहून मोठं म्हणजे तिथे दुसरं कुणीतरी भाजी निवडतं, दुसरं कुणीतरी मोजून वाढतं, भांडी उचलतं, चादर बदलतं, रात्री नऊला दिवे मालवतं. समोर फरसाणाचा डबा नसतो. शिफ्ट नसते, फोन नसतो. एक लाख नव्वद हजारांतला मोठा वाटा या कामाचा आहे. चौदा दिवस ते विकत मिळतं. पंधराव्या दिवशी यजमान पथ्याचा कागद घेऊन घरी येतील, तेव्हा ते काम कुणाच्या अंगावर पडणार, हे तुमच्या पत्रातल्या कुणीच विचारलेलं नाही. तुम्हीसुद्धा नाही. आणि तुमच्या अंगावर आधीच नोकरी आहे, सासूबाईंचं करणं आहे.

म्हणून तुमच्या शेवटच्या ओळींविषयी. ते गेले तर मोकळं वाटेल, यात लाजण्यासारखं काहीही नाही. तुम्हाला नवरा नकोसा झालेला नाही, तुम्हाला विश्रांती हवी आहे. त्या घरात रिट्रीटची गरज दोघांना आहे आणि जाण्याची चर्चा एकाचीच चालली आहे. "मी बरी आहे" म्हणून लगेच तुम्ही धाप, गुडघे आणि मोडलेली झोप लिहिलीत. जिना चढताना धाप लागणं वयावर सोडून द्यायचं नसतं. हिमोग्लोबिन कमी असू शकतं, थायरॉइड असू शकतं, हृदयाचंही काही असू शकतं. चाळिशीनंतर बायकांमध्ये हृदयविकार नेहमीच छातीत कळ येऊन सांगत नाही, कधी नुसत्या थकव्याने आणि धापेने सांगतो. रात्रीची जाग पाळी जाण्याच्या वयातली असेल, लघवीला उठावं लागत असेल तर शुगरही असू शकते. हे मी तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. यजमानांच्या तपासण्या होतील त्याच दिवशी, त्याच ठिकाणी, उपाशीपोटी तुमचंही रक्त दिलं गेलं पाहिजे, यासाठी लिहिते आहे. आणि धाप वाढली, छातीत, जबड्यात किंवा हातात दुखलं, घाम आला, तर त्या दिवसाची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठा.

या सगळ्यात मला निसर्गोपचार आश्रमाचं गाव उरुळी कांचन आठवतं, आणि ते तुमच्यापासून फार लांबही नाही, सोलापूर रस्त्यावर पुण्याच्या पुढे तीसेक किलोमीटर. पुण्यात ताडीवाला रोडवर डॉ. दिनशा मेहता यांचं निसर्गोपचार केंद्र होतं, गांधीजी तिथे राहत असत. आज तिथे राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे आणि बाह्यरुग्ण विभागही चालतो. गरिबांसाठी निसर्गोपचाराचं काम शहरात होणार नाही, ते खेड्यातच व्हायला हवं, हे गांधीजींच्या मनाने घेतलं आणि मार्च १९४६ मध्ये ते उरुळीला गेले. गावातल्या रोग्यांना त्यांनी तिथे जे सांगितलं ते पाणी, माती, ऊन, साधा आहार आणि रामनाम यांच्या पलीकडचं नव्हतं. ज्याच्या खिशात दमडी नाही त्यालाही स्वतःच्या अंगणात करता यावं, हा त्यामागचा आग्रह. आपल्याकडच्या निसर्गोपचाराचं मूळ असं आहे. तिथलं काम पुढे मणिभाई देसाईंनी आयुष्यभर चालवलं. आश्रम तर त्यांनी सांभाळलाच, पण गाईगुरं, शेती, फळबागा यांतही ते उतरले आणि १९६७ साली त्यांनी बाएफ या ग्रामविकासाच्या संस्थेची स्थापना केली. गावाचं आरोग्य सुधारायचं तर आधी घरात दूध आणि दाणागोटा आला पाहिजे, हे त्यातून मला शिकायला मिळतं.

लोणावळ्याचं कैवल्यधामही घ्या. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी ते सुरू केलं ते योगाचा शरीरावर काय परिणाम होतो, हे प्रयोगशाळेत मोजून पाहण्यासाठी. म्हणजे 'आमचे उपचार तपासायचे नसतात, त्यावर श्रद्धा ठेवायची असते' असं कुणी म्हणालं, तर ती आपली परंपरा नव्हे. रिट्रीटला जाणं हा यजमानांचा हट्टच असेल, तर अशा जुन्या, खर्चाने बेताच्या संस्थांची चौकशी आधी करा. एफडी न मोडता आठवडाभर राहता येईल अशी ठिकाणं महाराष्ट्रात आहेत.

आणि कुठेही गेले तरी गोळ्यांचं फार जपून. ग्लिमेपिराइड ही गोळी शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. ती घेऊन माणूस ज्यूसवर किंवा उपवासावर राहिला, तर शुगर धोकादायक खाली जाऊ शकते: दरदरून घाम, हातापायांना कंप, बरळणं, शुद्ध हरपणं. डापाग्लिफ्लोझिनसारखी शुगरची गोळी चालू असलेल्या वाचकांनी तर उपवासाआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. तिच्यावर असताना उपाशी राहिल्यास रक्तात आम्ल साठण्याचा गंभीर प्रकार घडू शकतो, आणि शुगरचा आकडा फारसा वाढलेला नसल्याने तो लक्षातही येत नाही. बीपीची गोळी, कमी आहार आणि वर वाफेची पेटी असं एकत्र आलं की उठताना भोवळ येऊन पडण्याची भीती. उलट बाजूने, सगळ्या गोळ्या एका दिवसात आपल्या मनाने टाकून देणंही तितकंच वाईट. कुठली कमी करायची, कुठली थांबवायची, शुगर किती आली तर पुन्हा सुरू करायची, हे जाण्याआधी तुमच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. डॉक्टर चिडतील म्हणून न सांगता जाणारे लोक मी बरेच पाहिले आहेत. तुम्ही सांगून जा.

केंद्राला फोन यजमानांनीच करावा, तुम्ही नुसतं शेजारी बसा. रात्री तिथे कोण डॉक्टर असतं आणि त्याची पदवी काय? नुसतं 'एक्सपर्ट' पुरत नाही. बीएनवायएस हा निसर्गोपचार आणि योगाचा साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे, बीएएमएस आयुर्वेदाचा. शुगर दिवसातून किती वेळा तपासतात? ग्लुकोज देण्याची सोय आहे का? जवळचं हृदयाचे उपचार करणारं हॉस्पिटल किती मिनिटांवर, आणि पावसाळ्यात घाट बंद झाला तर? मधे परत यावं लागलं तर पैसे मिळतात का? निघताना काय केलं, कुठली गोळी का बदलली, याचं सही असलेलं कार्ड देतात का? घरी गेल्यावर तीन महिने कोण फोन करतं? यांची उत्तरं सरळ आली तर माणसं जबाबदार आहेत असं धरा. 'सगळं बंद होईल, गॅरंटी' असं उत्तर आलं तर फोन ठेवा.

माझं स्वतःचं मत विचाराल तर मी म्हणेन, आत्ता जाऊ नका, तीन महिन्यांनी जा. आधी तीन महिने घरी करून पाहा. कसं, ते सांगते.

तपासण्या झाल्या की दोघं मिळून डॉक्टरांकडे जा आणि यजमानांनीच तिथे म्हणावं, 'मला वजन उतरवून गोळ्या कमी करायच्या आहेत, मला मदत करा.' हे वाक्य ऐकून बहुतेक डॉक्टरांना बरंच वाटेल. एक आहारतज्ज्ञ गाठा, जिला ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, शेपूची भाजी, ताक हे कळतं. परदेशी बिया आणि पावडरींच्या याद्या देणारी नको. आठवड्याला एकदा तिला भेटायचं. जेवणानंतर दोघांनी पंधरा-वीस मिनिटं चालायचं, शिफ्ट असली तरी. आणि यजमानांनी स्वतःचं जेवण स्वतः करायला शिकायचं. एकदम नाही, आधी नाश्ता आणि डब्यातली कोशिंबीर, मग उसळ. भाकरीला वेळ लागेल, तोवर थापायला कुणी बाई लावा. एक लाख नव्वद हजारांतले थोडे पैसे स्वयंपाकाच्या मावशींना आणि सासूबाईंसाठी दिवसातून काही तास येणाऱ्या मदतनीस बाईंना गेले, तर तो तुमच्या सबंध घरावरचा उपचार ठरेल. 'पुरुषमाणूस ५४ व्या वर्षी काय शिकणार' असं सासूबाई म्हणतील. म्हणू द्या. कारखान्यात नवं मशीन आलं की ते शिकतातच ना.

मुलीला वकील आणि न्यायाधीश अशा दोन्ही कामांतून मोकळं करा. तिला तिच्या शिक्षणाचं काम द्या: बाबांच्या शुगरची वही ठेवणं, गोळ्यांची नावं आणि वेळा लिहिणं, डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांची यादी करणं. बाप हरावा म्हणून ती भांडत नाही, काका गेले तसे बाबा जाऊ नयेत म्हणून भांडते आहे. तिचीही भीती तीच आहे. कुणाची बाजू घेऊ, असं तुम्ही विचारलंत. दोघं एकाच बाजूला उभे आहेत हे तुम्हीच त्यांना सांगू शकता.

तीन महिन्यांनी पुन्हा एचबीएवनसी करा. ८.१ वरून ते खाली आलेलं असेल, वजन पाच-सहा किलोंनी उतरलेलं असेल आणि हिशेब जुळत असेल, तर खुशाल जा. तेव्हा ते जाणं घडी बसलेल्या माणसाचं विश्रांतीला जाणं असेल, आणि परत येऊन धरायला घरात काहीतरी असेल. त्या वेळी दोघं जा, सात दिवसांसाठी, सासूबाईंची सोय लावून. किंवा तुम्ही एकट्या जा आणि यजमानांना घर सांभाळू द्या. मला तरी ही दुसरी सूचना जास्त आवडते.

राहिला त्यांचा तो मोठा मुद्दा, की पुढचं आरोग्य असंच असणार. भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, असा अंदाज आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आला. इतक्या माणसांना पुरतील एवढे डोंगर सह्याद्रीत नाहीत, आणि एवढे पैसे तर त्यांच्याकडे मुळीच नाहीत. अमेरिकेत २००२ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या तीन हजारांहून जास्त लोकांवर तो केला होता. आहार, आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम आणि वजनात ७ टक्के घट हे ध्येय ठेवलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, तर नुसत्या मेटफॉर्मिनने ३१ टक्क्यांनी. तिथे कुणी कुणाला दूर नेऊन ठेवलं नव्हतं. पहिल्या सहा महिन्यांत सोळा धडे, समोर एक ओळखीचा माणूस, आणि पुढेही त्याच्या भेटी. पुढचं आरोग्य मला असं दिसतं: चालत जाता येईल इतक्या अंतरावर, पुन्हा पुन्हा भेटणारं, नावाने ओळखणारं. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची बीपी, शुगर आणि तोंड, स्तन, गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाची तपासणी आयुष्मान आरोग्य मंदिरांत, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रांत, व्हावी, असं सरकारी धोरण आजही आहे. तुमच्या वस्तीतल्या केंद्रात ते किती नीट चालतं, हे जाऊन पाहा. नीट चालत नसेल तर नगरसेवकाला विचारा. यजमानांकडे चिकाटी आहे, मित्राच्या एका गोष्टीवरून ते महिनाभर घर हलवून सोडू शकतात. ती चिकाटी सोसायटीतल्या चालणाऱ्या मंडळींचा गट जमवायला वापरली, तर दहा घरांचं भलं होईल. आणि हॉस्पिटल मागे पडेल असं त्यांना म्हणू देऊ नका. रात्री दोन वाजता छातीत कळ आली तर पहिल्या तासात तेच लागतं.

हप्ता या आठवड्यातच भरून टाका. रविवारी आठवड्याचा बाजार करायला यजमानांना एकट्यांना पाठवा, यादी त्यांनाच करू द्या. सोमवारी सकाळी दोघांनी उपाशीपोटी लॅबमध्ये जायचं, आणि तुमच्या चिठ्ठीवर हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), शुगर आणि ईसीजी लिहिलेलं आहे ना, ते बघून मगच रांगेत बसायचं. तुमचा रिपोर्ट आला की मला कळवा. त्यांचा मागाहून कळवलात तरी चालेल.